फॉरमॅट बदलला आणि बेरीज हलली? सेलमधला आकडा तसाच ठेवून त्याचं रूप कसं बदलायचं

तक्रार नेहमीची आहे. हिशेबपट्टीवरच्या (शेतकऱ्याला द्यायच्या बिलावरच्या) रकमा कॅल्क्युलेटरवर मारल्या की ४२,७८५ येतात, आणि शीटच्या तळाला बेरीज ४२,७८४ दिसते. शेतकरी काउंटरला टेकून उभा, बाहेर पुढची गाडी लागलेली, आणि दिवाणजींचा निकाल तयार: "एक्सेल गंडलंय. बेरीज चुकतीया." मग कुणीतरी तळाचा आकडा खोडून हातानं ४२,७८५ टाइप करतं. फॉर्म्युला गेला, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या पेढीवर हे घडतं, तसंच लक्ष्मीपुरीतल्या दुकानात, शिरोलीच्या फाउंड्रीच्या ऑफिसात आणि गावच्या दूध संस्थेतही घडतं. विचारणारा प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत विचारतो, पण मूळ प्रश्न दोनच असतात. मी फक्त दशांश कमी केले, मग आकडा बदलला का? आणि आकडा न बदलता मला हवा तसा दाखवता येईल का?

पहिल्याचं उत्तर: नाही बदलला. सेलमध्ये साठवलेली किंमत वेगळी आणि पडद्यावर दिसणारं रूप वेगळं. गुळाच्या रव्याभोवतीचं (ढेपेभोवतीचं) कापड बदललं म्हणून आतला गूळ बदलत नाही, तसंच आहे हे. पण या नियमाला काही फटी आहेत. त्या फटींतून दिसणारा आकडाच खरा होऊन बसतो आणि मूळ आकडा कायमचा जातो. त्यांच्याकडे शेवटी येतो, कारण खरं नुकसान तिथंच होतं.

आधी फॉर्म्युला बार बघा

ज्या सेलवर शंका आहे त्यावर क्लिक करा आणि वरच्या लांब पट्टीत, म्हणजे फॉर्म्युला बारमध्ये बघा. हाताने टाइप केलेला आकडा असेल तर तिथं पूर्ण किंमत दिसते. फॉर्म्युला असेल तर तिथं फॉर्म्युलाच दिसेल. मग तेवढ्यापुरते दशांश वाढवा. होम टॅबवर नंबर या गटात दशांश वाढवण्या-कमी करण्याची दोन छोटी बटणं असतात. ती कितीही वेळा दाबा, साठवलेल्या आकड्याला धक्का लागत नाही. निम्मे वाद एवढ्यावरच मिटतात.

सुरुवातीच्या हिशेबपट्टीचंच बघू. आकडे उदाहरणापुरते घेतलेत. तीन लॉट आहेत. पहिला ३.४७ क्विंटल, दर ४,१५० म्हणजे १४,४००.५०. दुसरा २.८५ क्विंटल, दर ४,०९० म्हणजे ११,६५६.५०. तिसरा ४.१३ क्विंटल, दर ४,०५० म्हणजे १६,७२६.५०. दशांश शून्य केले की तिन्ही रकमा वर ढकलल्या जातात: १४,४०१, ११,६५७ आणि १६,७२७. कॅल्क्युलेटरवर आपण हे दिसणारे आकडे मारतो, म्हणून ४२,७८५. एक्सेल मात्र आतले खरे आकडे मिळवतं. ते होतात ४२,७८३.५०, आणि दाखवताना ४२,७८४. म्हणजे खरी रक्कम त्या दोघांपैकी एकही नाही.

तेव्हा एक्सेल गंडलेलं नाही. पण शेतकऱ्याच्या हातात न जुळणारा कागद द्यायचा नाही, हेही तितकंच खरं. इथं फॉरमॅटचा प्रश्न संपतो आणि हिशेबाचा सुरू होतो: पूर्णांक नक्की कुठं करायचा?

पट्टीवर प्रत्येक लॉटचे पैसे वेगळे दिले जात नाहीत, शेवटी एकच रक्कम दिली जाते. त्यामुळे ओळींमध्ये पैसे दाखवावेत, दोन दशांश ठेवावेत, आणि तळाला 'राउंड ऑफ ०.५०' अशी एक ओळ घालून ४२,७८४ करावेत, असं माझं मत. कागद बघणाऱ्याला सगळं जुळलेलं दिसतं आणि पैसे कुठं गेले तेही कळतं. दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात उलटं करावं लागतं. तिथं प्रत्येक ओळ म्हणजे एक उत्पादक, आणि प्रत्येकाला प्रत्यक्ष पैसे द्यायचे असतात. म्हणून ओळीतच राउंड फंक्शन लावायचं: आत लिटर गुणिले दर, मग स्वल्पविराम, मग शून्य. आता पूर्णांक रक्कम नुसती दिसत नाही, तीच खरी किंमत असते आणि बेरीज आपोआप जुळते. हे मुद्दाम केलेलं आहे, म्हणून ते वेगळ्या कॉलममध्ये करा. मूळ लिटर आणि दर जागच्या जागी राहू द्या. जीएसटीच्या कराला तर २०१७ च्या केंद्रीय कायद्यातल्या कलम १७० चा नियमच आहे: पन्नास पैसे किंवा जास्त असेल तर वरचा रुपया, कमी असेल तर सोडून द्यायचे.

याच प्रश्नावर एक 'सोपा उपाय' पुष्कळ जण सुचवतात, आणि तो मला अजिबात पसंत नाही. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड भागात 'सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड' अशी एक खूण असते. ती लावली की बेरीज झटक्यात जुळते. जुळते कारण त्या वर्कबुकमधला टाइप केलेला प्रत्येक आकडा जेवढा दिसतोय तेवढाच उरतो. ३.४७ क्विंटलच्या सेलला कुणी शून्य दशांशाचा फॉरमॅट लावला असेल तर तिथं ३ उरतो. खूण काढली तरी .४७ परत येत नाही. एक्सेल आधी इशारा देतं, पण घाईत ओके दाबलं जातं. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही 'प्रिसिजन ॲज शोन' नावानं अशाच प्रकारची सोय आहे. दुसऱ्या कुणाची फाइल हातात आली आणि दशांश वाढवले तरी सगळीकडे नुसती शून्यंच दिसली, तर पहिली शंका या खुणेवर घ्या.

रूप बदलायची बिनधोक जागा

कंट्रोल दाबून १ दाबा, फॉरमॅट सेल्सची खिडकी उघडते. नंबर टॅबमध्ये सगळ्यात खाली कस्टम. गूगल शीट्समध्ये वरच्या पट्टीवर १२३ लिहिलेलं बटण असतं, त्यातून कस्टम नंबर फॉरमॅटकडे जाता येतं. खाली दिलेले कोड इंग्रजी कीबोर्डवरून आणि इंग्रजी शून्य वापरूनच टाइप करायचे.

सगळ्यात जास्त विचारणा असते लाख-कोटीच्या स्वल्पविरामाची. १२,३४,५६७ हवं असतं आणि मिळतं १,२३४,५६७. दोन मार्ग आहेत. पहिला, विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडा, ॲडिशनल सेटिंग्जमध्ये डिजिट ग्रुपिंग भारतीय पद्धतीचं करा आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइली सुधारतात. पण तीच फाइल सीएच्या लॅपटॉपवर उघडली आणि तिथं अमेरिकन सेटिंग असेल, तर पुन्हा मिलियन दिसणार. दुसरा मार्ग फाइलबरोबर प्रवास करतो:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

याची खोट अशी की कोडमध्ये दोनच अटी घालता येतात. उणे रकमा तिसऱ्या भागात जातात आणि उणे बारा लाखांना पुन्हा पाश्चात्त्य स्वल्पविराम लागतात. विक्रीच्या यादीला हा कोड छान चालतो. नफा-तोट्याच्या पत्रकासाठी विंडोजचं सेटिंगच बरं. गूगल शीट्समध्ये तर फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (देशाचं सेटिंग) भारत केलं की काम झालं.

मालकांना रकमा लाखात बघायच्या असतात. त्यासाठी कुणी नवीन कॉलम करून एक लाखानं भागतं. त्याहून वाईट म्हणजे मूळ कॉलमच भागून ठेवतं. याची काही गरज नाही. हा कोड द्या:

0\.00,

शेवटचा स्वल्पविराम आकड्याला दाखवण्यापुरतं हजारानं भागतो, आणि उलट्या तिरक्या रेघेमागचा टिंब नुसता चिन्ह म्हणून दोन घरं आधी बसतो. हजार गुणिले शंभर म्हणजे लाख. त्यामुळे १२,३४,५६७ हे १२.३५ दिसतं, ५०,००० हे ०.५० दिसतं, आणि फॉर्म्युला बारमध्ये पूर्ण रक्कम शाबूत राहते. कॉलमच्या डोक्यावर 'रुपये लाखात' लिहायला विसरू नका, नाहीतर बघणाऱ्याला बारा रुपयांचा धंदा वाटायचा.

एककाची गोष्ट. '३.४७ क्वि.' असं सेलमध्ये टाइप केलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि बेरजेतून गळतो. सेलमध्ये फक्त 3.47 असू द्या आणि एकक फॉरमॅटमध्ये घाला:

0.00" क्वि."

दिसायला तेच दिसतं आणि बेरीजही चालते. याच कारणानं टेक्स्ट फंक्शननं सजवलेल्या आकड्यांचा कॉलम बेरजेला लावू नका. ते फंक्शन मजकूरच देतं.

टक्क्याचं बटण जास्त फसवं आहे. हुपरीच्या चांदीच्या हिशेबात टंचाच्या (शुद्धतेच्या) कॉलमला ९२.५ असे आकडे आधीच भरलेले असतात. कुणीतरी कॉलम निवडून टक्क्याचं बटण दाबतं आणि समोर ९२५०% उभं राहतं. आतली किंमत अजून ९२.५ च असते. टक्क्याचा फॉरमॅट दाखवताना शंभरानं गुणतो, बस. इथं घाबरून प्रत्येक सेलमध्ये ०.९२५ भरत बसलात तर मात्र डेटा खरंच बदलला, आणि वजन गुणिले टंच भागिले शंभर हा फॉर्म्युला शंभर पटीनं कमी चांदी दाखवायला लागला. त्यापेक्षा कंट्रोल आणि झेड दाबून मागं या आणि हे लावा:

0.0"%"

अवतरणातला टक्का हा नुसता छापायचा शिक्का. गुणाकार होत नाही.

मराठी आकडे हवे असतील तर तेही फॉरमॅटनं होतं. एक्सेलमध्ये कस्टमला [$-4000439]#,##0 द्या. सेलमध्ये इंग्रजी आकडाच राहतो, दिसतो देवनागरी, आणि सगळे फॉर्म्युले चालतात. वार्षिक सभेच्या अहवालासाठी हे फार कामाचं आहे. काही जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अंकाच्या जागी मराठी अंकाचं चित्र असतं. तिथं फॉन्ट बदलला की आकडे 'बदललेले' दिसतात. तो नुसता फॉन्टचा खेळ.

नुसते चौकटीचे ##### दिसले तर कॉलम रुंद करा. सेल रिकामा दिसतोय पण बेरजेत काहीतरी येतंय असं वाटलं, तर कस्टममध्ये तीन अर्धविराम आहेत का ते बघा. त्या कोडनं आकडा लपतो, जात नाही.

फॉरमॅट बदलूनही काहीच होत नाही तेव्हा

दशांश वाढवा, स्वल्पविराम लावा, काही फरक नाही. आकडे सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेले आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. हे आकडे नाहीत, आकड्यांसारखा दिसणारा मजकूर आहे. बँकेच्या स्टेटमेंटमधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या डेटात हे सर्रास असतं. सेलचा फॉरमॅट टेक्स्टवरून नंबर केला तरी आतला मजकूर आपणहून आकडा होत नाही. कॉलम निवडा, डेटा टॅबमध्ये टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काही न बदलता फिनिश दाबा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. नाही भागलं तर आकड्यामागं न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असते, वेबपेजवरून कॉपी केलेल्या आकड्यांत खास करून. ती एकदा कॉपी करून फाइंड-रिप्लेसमध्ये टाका आणि रिकाम्यानं बदला.

टाइप करतानाच गेलेला आकडा

आता फॉरमॅटवर उगाच आळ येतो अशी प्रकरणं. सातबाराच्या यादीत ७/१२ टाइप केलं आणि एंटर दाबलं की ७ डिसेंबर होतं. कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर १२ जुलै. मग लोक फॉरमॅट टेक्स्ट करतात आणि सेलमध्ये ४५९९८ असा चमत्कारिक आकडा येतो. एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकानं साठवतं, १ जानेवारी १९०० हा पहिला धरून. २०२५ साली टाइप केलेलं ७/१२ म्हणजे ७ डिसेंबर २०२५, म्हणजे ४५९९८. तुमचं ७/१२ एंटर दाबलं त्याच क्षणी गेलं, आता कुठलाही फॉरमॅट ते परत आणणार नाही. गट नंबर ३/२ चंही हेच. अशा कॉलमला आधी टेक्स्ट फॉरमॅट द्या आणि मग टाइप करा. एखादाच सेल असेल तर पुढं इंग्रजी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तरी पुरतं.

कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ टाकला तर २३१ उरतं. इथं मात्र फॉरमॅट कामाला येतो: कस्टममध्ये 0000 दिलं की पुन्हा ०२३१ दिसतं. सभासद क्रमांक ००४७ ला हेच. फक्त लक्षात ठेवा, आत २३१ आणि ४७ च आहेत. दुसऱ्या यादीत क्रमांक मजकूर म्हणून असतील तर व्हीलूकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधणारं फंक्शन) जुळणार नाही.

बँक खात्याचे नंबर ही सगळ्यात महागात पडणारी जागा. बारा किंवा जास्त अंक असले की साध्या सेलमध्ये १.२३E+११ छापाचं काहीतरी दिसतं. बारा ते पंधरा अंकांपर्यंत काळजी नाही, नंबर फॉरमॅट देऊन दशांश शून्य केले की पूर्ण नंबर दिसतो. पण एक्सेल पंधराच अंक नेमके साठवतं. सोळा अंकी खातं १२३४५६७८९०१२३४५६ टाकलं तर आत १२३४५६७८९०१२३४५० जातं. शेवटचा ६ गेला. फॉरमॅट बदलून नंबर छान सोळा अंकी दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि ऊसबिलाची यादी तशीच बँकेत जाते. सोळावा अंक शून्य असलेले नंबर एका यादीत ओळीनं दिसले तर ती फाइल तिथंच थांबवा आणि मूळ पासबुकांवरून नंबर पुन्हा भरा, टेक्स्ट कॉलममध्ये. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ऑप्शन्सच्या डेटा भागात पुढची शून्यं काढणं आणि लांब नंबर कापणं हे दोन्ही बंद करता येतं. रोज यादी भरणाऱ्यांनी ते बंदच ठेवावं.

दिसतं तेच खरं होतं अशा जागा

सुरुवातीला म्हटलेल्या फटी या. पहिली आणि मोठी म्हणजे सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल. एक्सेलमधून सीएसव्ही सेव्ह करताना पडद्यावर दिसतं ते लिहिलं जातं, साठवलेली किंमत नाही. ३.४७३ किलो चांदी दोन दशांशात दाखवत असाल तर सीएसव्हीत ३.४७ गेलं, तीन ग्रॅम पाण्यात. रुपये लाखात दाखवत असाल तर थेट १२.३५ रुपये. म्हणून सीएसव्ही करण्याआधी शीटची प्रत काढा, त्या प्रतीत आकड्यांच्या कॉलमना पुरेसे दशांश द्या, स्वल्पविराम आणि एककं काढा, मग सेव्ह करा. लिब्रेऑफिसमध्ये सीएसव्ही काढताना 'सेव्ह सेल कंटेंट ॲज शोन' ही खूण आधीपासून लावलेली असते. ती काढली की साठवलेले आकडे जातात. या एका बाबतीत ते एक्सेलपेक्षा शहाणं आहे.

उलट दिशेनंही सांभाळा. आलेल्या सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की ००४७ चं ४७ होतं आणि खाते नंबरांची वर सांगितलेली गत होते. त्यानंतर नुसतं सेव्ह दाबलं तरी नुकसान पक्कं. फाइल डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट-सीएसव्हीनं आणा आणि नंबरांच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट ठेवा.

दुसरी फट कॉपीची. सेल कॉपी करून व्हॉट्सॲपवर किंवा नोटपॅडमध्ये टाकले की दिसणारे आकडे जातात. समोरचा ते पुन्हा शीटमध्ये घेतो, तेव्हा पैसे आणि ग्रॅम वाटेतच गळालेले असतात. हिशेब पुढं चालवायचा असेल तर फाइल पाठवा; नुसता बघायचा असेल तर पीडीएफ. आणि गंमत म्हणजे वर्डचं मेल मर्ज (शीटमधली नावं-आकडे पत्रांत आपोआप भरणारी सोय) याच्या बरोबर उलटं वागतं. शीटमध्ये दोन दशांश दिसत असले तरी पत्रात १४४००.४९९९९९९९ असलं काहीतरी उमटू शकतं, कारण ते आतली किंमत उचलतं. सभासदांची पत्रं छापण्याआधी त्या एका कॉलमला राउंड लावून घ्या आणि पाच-सहा पत्रं छापून बघा.

फाइल आधीच बिघडली असेल तर तिच्यावर दुरुस्ती करत बसू नका. गूगल शीट्समध्ये किंवा वनड्राइव्हवर असेल तर व्हर्जन हिस्टरीतून जुनी प्रत काढा. पेनड्राइव्हवरची एकच प्रत असेल तर मूळ वजनकाट्याच्या चिठ्ठ्या शोधायला लागा.